उंदीर मेला, पण त्याच्या अंगावरच्या पिसवा-गोचिडांचे काय?

ऑगस्टच्या निंदणीपासून दिवाळीच्या मळणीपर्यंत शेतात माणसांची वर्दळ सर्वात जास्त असते. याच काळात धुऱ्यावरचे गवत कमरेला लागते, जमिनीत ओल टिकून असते आणि उभ्या पिकाच्या आडोशाने उंदरांची पैदास जोरात चालू असते. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर आणि विदर्भातल्या इतर जिल्ह्यांत स्क्रब टायफसचे रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले, काही दगावले. गवतातल्या चिगर नावाच्या बारीक किड्यापासून हा ताप येतो आणि तो किडा उंदरावर पोसतो, हे तेव्हा वर्तमानपत्रांतून सगळ्यांपर्यंत पोहोचले. तेव्हापासून एक सल्ला सहज दिला जातो: उंदीर मारा, ताप जाईल.

हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. चुकीच्या आठवड्यात अमलात आणला तर तो अंगावरही येऊ शकतो. उंदरांवरचे परजीवी किती वाढतील हे फक्त उंदरांच्या संख्येवर ठरत नाही. पाऊस किती लांबला, बिळात ओल किती, बांधावर काय वाढले आहे, शेजारचे शेत पडीक आहे की नांगरलेले, या गोष्टींचा त्यात मोठा वाटा असतो. यातल्या निम्म्या तरी तुमच्या हातात आहेत. म्हणून हा विषय जरा सविस्तर पाहू.

हवामानाचा परिणाम कोणावर होतो, कोणावर नाही

शेतातला उंदीर म्हणजे एकच प्राणी नव्हे. बिळात धान्याची कोठारे करणारी लहान घूस, काळ्या जमिनीच्या भेगांत राहणारा मऊ केसांचा शेत-उंदीर, माळरानावरचा लांब शेपटीचा जर्बिल, अगदी छोटा शेतातला पिटुकला उंदीर, अशा अनेक जाती आपल्याकडे आहेत. प्रत्येकीची बिळे वेगळी, त्यामुळे अंगावरचे पाहुणेही कमी-जास्त. (चिचुंद्री उंदरांच्या कुळातली नाही, पण चिगर आणि पिसवा तिच्याही अंगावर भरपूर सापडतात. त्यामुळे पुढे जे उंदराबद्दल लिहिले आहे ते तिलाही लागू धरा.)

परजीवींचे ढोबळ दोन गट करता येतात. काही जन्मापासून मरेपर्यंत यजमानाच्या अंगावरच राहतात. उदाहरणार्थ ऊ. उंदराच्या केसांत तिला बारा महिने सारखीच ऊब मिळते. बाहेर ४५ अंश असो की १०, तिला फारसा फरक पडत नाही. दुसऱ्या गटातले परजीवी आयुष्याचा बराच काळ उंदराच्या बाहेर काढतात. पिसूची अंडी आणि अळ्या बिळातल्या घरट्यात वाढतात. चिगरचे प्रौढ मातीत राहतात. गोचीड एकदा रक्त पिऊन पडली की पुढची कात टाकेपर्यंत पालापाचोळ्यात असते. काही कृमींची पिल्ले गोगलगायीच्या पोटात वाढतात. हवामान आणि अधिवास यांचा खरा घाव किंवा खरा आधार या दुसऱ्या गटाला मिळतो. माणसाला त्रास देणारेही बहुतेक याच गटातले आहेत.

पिसूचे उदाहरण घ्या. तिची अळी उंदराला चावत नाही. घरट्यातला केरकचरा आणि प्रौढ पिसवांच्या विष्ठेतले वाळलेले रक्त यांवर ती जगते. तिला दमट हवा लागते, कोरडी हवा तिला मारते. म्हणून मे महिन्यात बांधावरची उथळ, तापलेली बिळे पिसवांना मानवत नाहीत, पण उसाच्या सरीतले किंवा ठिबकच्या नळीखालचे ओलसर बीळ त्यांना उन्हाळ्यातही चालते. बाहेरचे हवामान आणि बिळातले हवामान यांत असा फरक असतो, आणि परजीवीला बिळातलेच कळते. बागायतीचा पट्टा वाढला, पाणी वर्षभर राहिले, की हवामान खात्याच्या नोंदीत काहीही न बदलता बिळातला उन्हाळा सौम्य होतो.

मध्य आशियातला हिशेब आणि आपला उन्हाळा

जंगली उंदरांवरचे परजीवी आणि हवामान यांचा दीर्घकाळचा उत्तम हिशेब कझाकस्तानात ठेवला गेला. तिथल्या अर्धवाळवंटी पट्ट्यात मोठा जर्बिल राहतो आणि त्याच्या पिसवांमार्फत प्लेगचा जंतू त्यांच्यात फिरत राहतो. १९४९ ते १९९५ या काळात तिथल्या प्लेगविरोधी पथकांनी गोळा केलेल्या नोंदींचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. वसंत ऋतूतले तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले तर जर्बिलांमधले प्लेगचे प्रमाण ५० टक्क्यांहून जास्त वाढू शकते, असा त्याचा निष्कर्ष होता. कारण साधे आहे. थंड प्रदेशात वसंत लवकर तापला की पिसवा लवकर सक्रिय होतात आणि त्यांचा हंगाम लांबतो.

हे वाचून 'तापमान वाढले की परजीवी वाढणार' असा नियम आपल्या राज्याला लावायचा मोह होतो. तसा लावू नये. प्लेगग्रस्त पिसूच्या पोटात जंतूंचा बोळा बसतो, तिला रक्त गिळता येत नाही आणि ती भुकेने पुन्हा पुन्हा चावते. त्यातून रोग पसरतो. तापमान साधारण २७-२८ अंशांच्या पुढे गेले की हा बोळा नीट टिकत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आल्यानंतरच्या वर्षांत हेच दिसले होते. कोरडा कडक उन्हाळा आला की साथ ओसरायची आणि हवा उतरली की पुन्हा डोके वर काढायची. थंड मुलुखात उष्णता परजीवीला पायघड्या घालते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तीच त्याचा कर्दनकाळ ठरते. त्यामुळे आपण तापमानापेक्षा ओलीकडे जास्त लक्ष दिले पाहिजे.

आणि ओल लांबते आहे. नैऋत्य मोसमी पावसाच्या परतीच्या सर्वसाधारण तारखा भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये बदलल्या. वायव्य राजस्थानातून परतीची सुरुवात पूर्वी १ सप्टेंबरला धरली जात असे, ती आता १७ सप्टेंबर धरली जाते. शेतकऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. काढणीला आलेले सोयाबीन भिजल्यावर तो कळतोच. पण त्याच वाढीव पंधरवड्यांत धुऱ्यावरचे गवत हिरवे राहते, मातीचा वरचा थर ओला राहतो आणि चिगरचा हंगाम काढणीच्या हंगामावर येऊन बसतो. पूर्वी पीक कापायला जाईपर्यंत बांध सुकू लागलेला असे. आता कित्येक वर्षी तो ओला असतानाच विळा चालतो.

चिगर: ही साखळी नुसते उंदीर मारून का तुटत नाही

पिकावरचा लाल कोळी तुम्हाला माहीत आहे. चिगर हे त्याच मोठ्या कुळातल्या एका माइटचे पिल्लू. नारिंगी-लाल रंगाचे, मोहरीच्या दाण्याच्याही कितीतरी लहान, नुसत्या डोळ्याला जेमतेम ठिपका दिसेल एवढे. मादी ओल्या मातीत अंडी घालते. पिल्लू गवताच्या पात्यावर चढून वाट पाहते आणि जवळून जाणाऱ्या उंदराला, चिचुंद्रीला किंवा माणसाला चिकटते. काही दिवस पोषण घेते, गळून पडते आणि पुन्हा मातीत जाते. पुढच्या अवस्था प्राण्यांना चावतच नाहीत. त्या मातीतल्या कीटकांच्या अंड्यांवर जगतात.

इथे एक मुद्दा नीट लक्षात घ्या. चिगर आयुष्यात एकदाच प्राण्याला चावतो. मग त्याच्याकडे स्क्रब टायफसचा जंतू येतो कुठून? मुख्यतः आईकडून, अंड्यातून. म्हणजे या रोगाचे खरे कोठार मातीतला माइट आहे, आणि उंदीर हा त्याचा खानावळवाला. खानावळ बंद केली तर पुढच्या पिढ्या रोडावतील हे खरे. पण आज गवताच्या टोकावर बसलेला चिगर आज भुकेला आहे, आणि काल संध्याकाळी विषारी आमिषाने त्याचे उंदीर मेले असतील तर सकाळी तिथे विळा घेऊन येणारी माणसेच त्याला मिळणार.

उंदरांची संख्या आणि परजीवींचे ओझे यांचे गणितही सरळ नाही. पीक उभे असताना उंदरांची नवी पिल्ले भराभर येतात. अंगे जास्त असल्यामुळे परजीवी त्यांच्यात विखुरले जातात. एकेका उंदरावर ते कमी दिसतात. काढणीनंतर अन्न संपते, काही उंदीर मरतात, काही गंजीत आणि घरात पळतात. परजीवी मात्र लगेच कमी होत नाहीत. उरलेल्या थोड्या उंदरांवर त्यांची गर्दी होते आणि ज्यांना उंदीर मिळत नाही ते दुसरा यजमान शोधतात. अतिवृष्टीत दुसऱ्या वाटेने हेच घडते. बांधीत पाणी भरले की चार शेतांतले उंदीर एका उंच बांधावर गोळा होतात आणि एकाच्या अंगावरचे दुसऱ्याच्या अंगावर जातात. पाणी ओसरल्यावर तुम्हीही त्याच बांधावरून चालता.

चिगर शेतभर सारखे पसरलेले नसतात. त्यांचे ठिपके-ठिपके असतात, जणू बेटे. ओलसर सावली, दाट गवत, जवळ बिळे, अशा जागी ते शेकड्याने असतात आणि दहा पावलांवर एकही नसतो. म्हणून एका घरातले एकच माणूस आजारी पडते आणि बाकीचे ठणठणीत राहतात. सावलीतली दाट धुऱ्याची जागा जेवायला बसायला छान वाटते. बहुतेक वेळा बेट तिथेच असते.

पडीक जमिनीचा प्रश्न

तैवान २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि तिथे बरीच भातशेती पडीक राहू लागली. संशोधकांनी अशा पडीक खाचरांतले आणि पिकाखालच्या खाचरांतले उंदीर पकडून तपासले, तेव्हा पडीक जमिनीतल्या उंदरांवर चिगर आणि गोचीड जास्त निघाले. माणसांतल्या स्क्रब टायफसच्या वाढीचा संबंधही पडीक क्षेत्राशी दिसला. व्यापाराच्या करारातून तापाची साथ निघावी हे चमत्कारिक वाटते, पण यातली प्रत्येक कडी शेतातल्या माणसाला पटण्यासारखी आहे. चिखलणी झालेल्या, पाणी भरलेल्या खाचरात माइटला अंडी घालायला जागा नसते. तीच खाचरे सोडून दिली की पहिल्याच वर्षी गवत, दुसऱ्या वर्षी झुडूप, मग बिळे.

कोकणात मजूर मिळत नाहीत, तरुण मुंबई-पुण्याला आहेत, म्हणून पडीक टाकलेली खाचरे तुम्ही पाहिली असतील. पूर्व विदर्भातही धानाच्या बांधीलगतचे तुकडे असेच पडून असतात. आपण पडीक जमिनीकडे बुडालेले उत्पन्न म्हणून पाहतो. शेजारच्या कसणाऱ्याच्या दृष्टीने ती उंदरांची आणि परजीवींची रोपवाटिका असते, ही बाजू ग्रामसभेत कधी निघत नाही. माझ्या मते ती निघायला हवी. मालक शहरात असला तरी वर्षातून एकदा, पाऊस संपण्याआधी, निदान कसत्या शेताला लागून असलेली पट्टी तोडून घ्यायला हरकत नसावी.

विनानांगरणी शेतीबद्दलही इथे एक वाक्य लिहिले पाहिजे. एसआरटीसारख्या पद्धतीने मातीचा कस आणि मजुरी दोन्ही वाचतात, ती सोडा असे कोणी म्हणू नये. मात्र नांगराने आपोआप मोडणारी बिळे त्यात मोडली जात नाहीत, हे लक्षात ठेवून उन्हाळ्यातली बिळांची पाहणी त्या शेतात चुकवू नका.

सिंधुदुर्गात वेळापत्रक उलटे

विदर्भाचे वेळापत्रक तसेच्या तसे दोडामार्ग-सावंतवाडीला लावता येत नाही. तिथला प्रश्न माकडतापाचा आहे. हा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात प्रथम सापडला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये दोडामार्गमध्ये त्याच्या साथी आल्या, आणि काजूच्या बागांत काम करणारी माणसे त्यात सापडली.

नावात माकड असले तरी गोचिडीच्या पोषणाचा मोठा भाग जमिनीवरच्या लहान प्राण्यांवर होतो. पावसाळ्यानंतर निघालेली तिची पिल्ले जंगली उंदीर, चिचुंद्री, जमिनीवर वावरणारे पक्षी यांचे रक्त पिऊन वाढतात. प्रौढ गोचिडी गुरांसारख्या मोठ्या जनावरांवर चढतात. मधली, म्हणजे माणसाला सर्वात जास्त चावणारी अवस्था डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत पालापाचोळ्यात असते. काजू बी गोळा करण्याचा हंगामही फेब्रुवारी ते मे. पानगळ झालेली, बोंडे पडलेली, झाडाखाली वाकून बी वेचायची जागा: गोचिडीला याहून सोयीची जागा नाही. बोंडांवर माकडे येतात, पडलेल्या बियांवर उंदीर येतात, जंगलात चरलेली गुरे बागेतून घरी येतात आणि सगळे एकमेकांचे परजीवी वाटून घेतात.

म्हणून इथे उन्हाळ्यात जंगलाच्या कडेने बिळे खोदत हिंडणे धोक्याचे, तर तेच काम विदर्भात आणि मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये करणे योग्य. सिंधुदुर्गातल्या बागायतदारांनी काजूच्या बुंध्याभोवतीचा पालापाचोळा हंगामाआधी, नोव्हेंबरमध्ये, ओढून घ्यावा. बी वेचताना पूर्ण कपडे, पायात बूट, अंगाला गोचीड दूर ठेवणारे तेल वापरावे. जंगलात चरून आलेल्या गुरांच्या गोचिडीचा बंदोबस्त पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करावा. मेलेले माकड दिसले तर त्याच्या जवळ जाऊ नका. ते मेल्यावर अंगावरच्या गोचिडी तिथेच पडतात. आरोग्य केंद्राला आणि वनविभागाला कळवा.

गोगलगायीच्या पोटातला उंदराचा कृमी

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. पंचनामे आणि भरपाई यांची चर्चा खूप झाली. एक गोष्ट मागे राहिली. उंदराच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत राहणारा एक कृमी आहे. त्याची पिल्ले उंदराच्या लेंड्यांतून बाहेर पडतात, गोगलगायीच्या शरीरात वाढतात आणि तिला खाणाऱ्या उंदरात पुन्हा प्रौढ होतात. मुंबईतल्या उंदीर-घुशींत हा कृमी १९८० च्या दशकापासून नोंदलेला आहे. आफ्रिकन मोठी गोगलगाय त्याची ओळखीची वाहक आहे. माणसाच्या पोटात ही पिल्ले गेली तर ती मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचून तीव्र डोकेदुखी आणि मेंदूज्वरासारखी लक्षणे आणू शकतात.

घाबरण्याचे कारण नाही. आपण कच्च्या गोगलगायी खात नाही. पण गोगलगायी उघड्या हातांनी वेचून त्याच हातांनी भाकरी खाणे, बारकी गोगलगाय चिकटलेली मेथी-कोथिंबीर न धुता चिरणे, हे टाळायलाच हवे. वेचताना हातमोजे किंवा हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा आणि मुलांना या कामाला लावू नका. उष्ण-दमट हवेत गोगलगायीच्या शरीरातली कृमींची वाढ लवकर होते, तेव्हा पावसाची झड आणि मध्ये ऊन अशी हवा असेल तेव्हा ही काळजी अधिक.

लेप्टोस्पायरोसिस हा परजीवी नव्हे, जंतूचा आजार. तो उंदराच्या मूत्रातून पाण्यात येतो. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरानंतर त्याची साथ आली होती आणि कोकणात भातलावणीच्या दिवसांत तो दरवर्षी डोके वर काढतो. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरू नका, एवढे इथे पुरे.

मग उंदीर मारायचे की नाही?

मारायचे. पिकाच्या नासाडीचा हिशेब केला तर त्याला पर्याय नाही. प्रश्न आहे तो क्रमाचा आणि वेळेचा.

जंगलाला लागून नसलेल्या भागात मोहिमेची खरी वेळ एप्रिल-मे. तेव्हा रानात खायला काही नसते, त्यामुळे आमिष खाल्ले जाते. बिळे उघडी दिसतात. पैदास कमी असते आणि वरची माती कोरडी ठणठणीत असल्याने चिगरचा उपद्रवही किमान असतो. आधी सगळी बिळे मातीने बुजवा. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत. झिंक फॉस्फाईड वापरणार असाल तर आधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरड द्या, उंदीर सोकावू द्या, मग विषारी आमिष बिळात आत सारा. उघड्यावर टाकू नका, कोंबड्या आणि कुत्री आधी मरतात. ब्रोमाडिओलोन असेल तर सोकावण्याची गरज नाही. आणि हे एकट्याने करून उपयोग नाही. तुमच्या दहा एकरांत मारलेल्यांची जागा शेजारचे उंदीर भरून काढतात. निदान एका शिवाराने एकाच आठवड्यात मोहीम घ्यावी.

धुऱ्यावरचे गवत ऑगस्टच्या मध्यात एकदा कापा. त्यामुळे सप्टेंबरमध्ये मातीवर ऊन पडते आणि पात्याच्या टोकावर वाट पाहणाऱ्या चिगरला जागा उरत नाही. कापणाऱ्याने पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पँट मोज्यात खोचावी, साडीवर काम करणाऱ्या भगिनींनी आतून लेगिंग्ज किंवा पँट घालावी. धुरा पेटवून देण्याने काम होत नाही. वरचे गवत जळते, मातीतले माइट खाली सुरक्षित राहतात आणि बांधावरची झाडे मात्र होरपळतात.

काढणीच्या आधीच्या दोन आठवड्यांत विषारी आमिष टाळा. तेव्हा उंदीर मेले तर नुकसान थोडे वाचेल, पण मजुरांच्या पायाशी भुकेले चिगर सोडल्यासारखे होईल. मोहीम चुकलीच असेल तर त्या काळात सापळे लावा. मेलेला उंदीर हाताने उचलू नका, काठीने किंवा पिशवीने उचलून खोल पुरा. प्राण्याचे शरीर थंड होऊ लागले की पिसवा त्याला सोडून निघतात, म्हणून 'नंतर पुरू' असे करून बांधावर टाकून ठेवणे सर्वात वाईट.

कामाच्या काळात जेवायला आणि विसाव्याला गवतावर न बसता ताडपत्री अंथरा. काढून ठेवलेले कपडे झुडपावर टाकू नका. संध्याकाळी घरी आल्यावर साबणाने अंग घासून अंघोळ करा आणि तेच कपडे दुसऱ्या दिवशी न घालता धुवायला टाका. चिकटलेला चिगर घासल्याने निघून जातो.

शेतात काम केल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना न विचारताही सांगा की गवतात काम केले होते. काख, जांघ, कंबर, कानामागे, स्तनांखाली बिडीचा चटका बसल्यासारखा काळा खपलीचा डाग आहे का ते घरच्यांनी पाहावे. तो दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही, आणि सगळ्यांना येतोच असेही नाही. हा आजार डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त, साध्या औषधाने बरा होतो. गरोदर स्त्रियांना डॉक्टर अझिथ्रोमायसिन देतात. प्राण जातात ते उशिरा. साध्या तापाच्या गोळ्या, सलाईन आणि दुसरीच प्रतिजैविके यांत आठवडा निघून जातो, तेव्हा.

कृषी सहायक आणि आशाताईंसाठी

जुन्या काळी 'उंदीर पडले' असे ऐकले की गाव घरे सोडून रानात झोपड्या टाकत असे. ती भीती अनुभवातून आली होती. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आला, त्याच्या आधी पिसवांच्या त्रासाच्या आणि मरून पडलेल्या उंदरांच्या तक्रारी होत्या. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला होता. सोडून दिलेल्या घरांत राहिलेल्या धान्यावर उंदीर वाढले असावेत, असे अनुमान तेव्हा मांडले गेले. म्हणजे तिथेही सुरुवात अधिवासातल्या बदलानेच झाली. विष न टाकता उंदीर मरत असतील आणि घरात पिसवा चावत असतील, तर उंदीर मारायची मोहीम लगेच सुरू करू नका. आधी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. अशा ठिकाणी पहिल्यांदा पिसवांचा नाश करायचा आणि मग उंदरांचा, हा क्रम आहे, आणि कोणते कीटकनाशक कुठे धुरळायचे हे आरोग्य विभागाने ठरवायचे.

क्रॉपसॅपच्या निरीक्षणासाठी तुम्ही आठवड्याला शेतात जाताच. त्याच फेरीत तीन गोष्टी वहीत लिहा: ठरलेल्या बांधावर किती जिवंत बिळे, गवत किती उंच, माती मुठीत धरून ओली की कोरडी. सापळ्यात आलेला मेलेला उंदीर हातमोजे घालून पाहिलात तर कानाच्या पाळीत नारिंगी रंगाची खरपुडी दिसते का ते बघा; चिगर तिथे घोळक्याने चिकटतात. अशी खरपुडी दिसलेल्या शिवाराचे नाव त्याच दिवशी आशाताईंना आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा, म्हणजे तिथून येणाऱ्या तापाच्या रुग्णाकडे पहिल्याच दिवशी त्या नजरेने पाहिले जाईल.